उबुंटू २४.०४ केल्यापासून मराठी टाईप होत नाही, लवकर मदत हवी आहे

सचिव_बी_विंग
काल कॉम्प्युटरवरची उबुंटू ही लिनक्स सिस्टिम २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर अपग्रेड केली. तेव्हापासून मराठी टाईपच होत नाही. वर कोपऱ्यात ‘एमआर’ दिसायचं, तेही गेलं. इंग्रजी चालतंय. रीस्टार्ट करून झालं, फरक शून्य. सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस उद्या लावायची आहे आणि हे मी मोबाईलवर बडवत बसलोय. ‘लिनक्स कशाला वापरता’ वगैरे नको, फक्त उपाय सांगा.

खटपट्या
कुठल्या मराठी कीबोर्डनं टाईप करत होता? इनस्क्रिप्ट, फोनेटिक (इंग्रजी उच्चारावरून) की रेमिंग्टन? सगळीकडे बंद आहे की फक्त फायरफॉक्समध्ये? लॉगिन करताना स्क्रीन दाखवणारी यंत्रणा वेलँड असते की झॉर्ग?

सचिव_बी_विंग
नेहमीच्या पद्धतीनं. के दाबलं की क यायचा. वेलँड-बिलँड मला माहीत नाही. भाच्यानं बसवून दिलं होतं, तो आता जर्मनीत आहे, फोन उचलत नाही.

देबियन_एके_देबियन
म्हणून म्हणतो, उबुंटू सोडा, देबियन लिनक्स टाका. ऑगस्ट २०२५ मध्ये १३ आलं, ट्रिक्सी. स्थिर, शांत, कसली पॉपअप नाहीत. उबुंटूवाले दर आवृत्तीत एक एक ॲप स्नॅप नावाच्या आपल्या वेगळ्या पॅकेजमध्ये ढकलतात. २२.०४ ला फायरफॉक्स गेला, २४.०४ ला मेलचा थंडरबर्ड.

पेठेतला_पेंग्विन
त्यांना मराठी टाईप करायचंय, तुमचं प्रवचन नाही ऐकायचं. आणि स्नॅपचा इथे संबंध काय? कोपऱ्यातला इंडिकेटरच गेलाय म्हणतायत.

देबियन_एके_देबियन
संबंध नाही कसा? स्नॅपमधल्या ॲपना आयबस, म्हणजे इतर भाषा टाईप करून देणारा प्रोग्राम, नीट भेटत नाही, हे मी स्वतः भोगलंय.

पेठेतला_पेंग्विन
तुम्ही भोगलंत ते तुमच्या मशिनवर. लिबरऑफिस त्यांच्याकडे स्नॅप नसणार, आणि नोटीस काय ते फायरफॉक्समध्ये लिहिणार आहेत?

मीनल_ठाणे
सचिव साहेब, तुम्ही बहुतेक आयबसमधलं एम१७एन नावाच्या पॅकेजचं फोनेटिक वापरत होतात. ते नंतर शोधू. आजचं काम भागवायचं तर आयबस लागतच नाही. सेटिंग्ज, मग कीबोर्ड, तिथे इनपुट सोर्सेसखालचं अधिकचं चिन्ह दाबा. यादीत मराठी शोधा, त्यात ‘कागपा, फोनेटिक’ आहे. हा नुसता कीबोर्ड लेआउट आहे, वेगळं पॅकेज लागत नाही. सुपर आणि स्पेस एकदम दाबलं की भाषा बदलते. सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण. ल साठी एल, ळ साठी शिफ्ट एल.

हिशेबनीस
नोटीस उद्या लावणार म्हणजे सभा कधी आहे? वार्षिक सभेला पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. आमच्याकडे एका सभासदानं एवढ्यावरून उपनिबंधकांकडे तक्रार ठोकली होती.

सचिव_बी_विंग
@हिशेबनीस तारखा मोजल्यात हो. @मीनल ताई, आलं! पण ‘दुसऱ्या’ लिहिता येत नाही, ‘दुसर्‍या’चं काहीतरी विचित्र होतंय. अजेंड्यावर ‘दुसऱ्या लिफ्टचे नूतनीकरण’ आहे.

इनस्क्रिप्ट_शिका
हेच तर. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट जे दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, मग डी, मग तिरपी रेघ. झालं ऱ्य, शेवटी ई दाबून काना. भारत सरकारचा प्रमाण कीबोर्ड आहे, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. एकदा बोटांत बसला की कुठल्याही भारतीय भाषेत चालतो. फोनेटिकच्या कुबड्या किती दिवस?

पेठेतला_पेंग्विन
नोटीस उद्या आहे हो, बोटांत बसेपर्यंत पुढची सभा येईल.

कोल्हापुरी_कर्नल
मुळात २२.०४ ला २०२७ पर्यंत अपडेट मिळणार होते, घाई काय होती? २०२४ च्या ऑगस्टअखेर २४.०४.१ आलं तेव्हा त्यांनी स्वतःच हे अपग्रेड उघडून परत थांबवलं होतं, अपग्रेडरमध्ये गंभीर दोष निघाला म्हणून. मी तर त्यानंतरही बरेच महिने हात लावला नाही. पॉपअप आला की बंद करायचा.

सचिव_बी_विंग
पॉपअप रोज येत होता म्हणून केलं. आता झालं ते झालं. कागपावर नोटीस लिहीन, पण मला माझं जुनं परत हवंय. आणखी एक, सेटिंग्जमधली काही नावं मराठी, काही इंग्रजी दिसतायत, आणि सॉफ्टवेअर सेंटर उघडतच नाही.

खटपट्या
हे आधी सांगायचं ना! सेटिंग्जमध्ये अबाउट उघडा. ओएसचं नाव काय आणि ग्नोम, म्हणजे डेस्कटॉपची, आवृत्ती काय?

सचिव_बी_विंग
उबुंटू २४.०४, ग्नोम ४२. म्हणजे अपग्रेड झालंय ना बरोबर?

खटपट्या
नाही झालेलं. २४.०४ मध्ये ग्नोम ४६ असतो, ४२ हा २२.०४ चा. पाटी नवी लागलीय, आत सामान जुनं. अपग्रेड मध्येच थांबलं होतं का?

सचिव_बी_विंग
थांबलं नव्हतं. लाईट गेली होती. आली तेव्हा मी परत चालू केलं, डेस्कटॉप आला, २४.०४ दिसलं. गुरुवारी आमच्याकडे लाईट जातेच.

पेठेतला_पेंग्विन
🤦

कोल्हापुरी_कर्नल
तरी डेस्कटॉप आला म्हणजे नशीब जोरावर आहे. आमच्या ऑफिसातल्या एकाचं असंच झालं होतं, त्याला नुसता काळा पडदा आणि टिचकी मारणारा कर्सर.

खटपट्या
घाबरू नका, निस्तरता येतं. पण आधी होम फोल्डरमधलं सगळं पेनड्राइव्हवर घ्या, आणि आज गुरुवार नाही याची खात्री करा. मग टर्मिनल उघडा. पहिली कमांड: सुडो, जागा, डीपीकेजी, जागा, दोन डॅश जोडून कॉन्फिगर, जागा, एक डॅश आणि ए. देवनागरीत लिहिलंय ते रोमनमध्ये टाईप करायचं. अर्धवट बसलेली पॅकेजेस ही पुरी करते. काही फाइल्सबद्दल ‘जुनी ठेवू की नवी’ विचारेल, एंटर दाबलं की जुनी राहते, चालेल. दुसरी: सुडो ॲप्ट डॅश एफ इन्स्टॉल. मग सुडो ॲप्ट अपडेट, आणि शेवटी सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड. सोर्सेस, म्हणजे पॅकेजेस जिथून येतात ते पत्ते, आधीच नोबलवर (२४.०४ चं टोपणनाव) गेलेले आहेत, त्यामुळे उरलेलं तिथूनच ओढून घेईल. फुल-अपग्रेड काही काढून टाकू का विचारेल, ती यादी वाचा. त्यात उबुंटू-डेस्कटॉप किंवा ग्नोम-शेल दिसलं तर एन दाबा आणि यादी इथे टाका.

मीनल_ठाणे
आणि त्याआधी डीएफ डॅश एच ही कमांड देऊन डिस्कच्या बूट विभागात जागा आहे का पाहा. सिस्टिमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या (कर्नल) साठून बूट भरलं असेल तर परत अर्ध्यात अडकेल. सगळं झाल्यावर आयबस-एम१७एन परत इन्स्टॉल करा आणि लॉगआउट करून परत आत या. नुसती खिडकी बंद करून उपयोग नाही.

देबियन_एके_देबियन
एवढ्या वेळात देबियन बसून झालं असतं.

शाळामास्तर_सावंतवाडी
केरळात बघा, काइट नावाच्या संस्थेनं सगळ्या सरकारी शाळांसाठी उबुंटूवरूनच आपली लिनक्स काढली आहे, मल्याळम सकट. आपल्याकडे भाचा जर्मनीला गेला की मराठी बंद.

इनस्क्रिप्ट_शिका
आपल्या सरकारी सीडॅक संस्थेचं बॉस लिनक्स होतं की.

शाळामास्तर_सावंतवाडी
होतं. आमच्या लॅबमध्ये सीडी आहे अजून, पाकिटासकट.

सचिव_बी_विंग
बूटमध्ये जागा होती. कमांड मारल्या. फुल-अपग्रेडला बराच वेळ लागला, शेजाऱ्यांचा यूपीएस आणला होता. यादीत तुम्ही म्हणालात तसलं काही नव्हतं. आता ग्नोम ४६ दाखवतंय, मराठी आलं, ‘दुसऱ्या’ पण आलं. खटपट्या आणि मीनल ताई, आभारी आहे. नोटीस टाईप झाली.

फक्त प्रिंटर दिसत नाहीये.

खटपट्या
अपग्रेड करताना बाहेरचे सगळे सोर्सेस बंद होतात. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून टाकला होता का? प्रिंटर कुठला, यूएसबी की वायफाय?

सचिव_बी_विंग
साधा आहे.

पेठेतला_पेंग्विन
साधा म्हणजे?

सचिव_बी_विंग
पांढरा. भाच्यानं घेतला होता.