मॅक्सीनची शाई तांब्याच्या अँटेनाला हटवणार का? माझं मत : टॅगमध्ये तरी हो

अंबडचा_सोल्डरवाला
पीसीबीच्या, म्हणजे सर्किट बोर्डाच्या युनिटमध्ये बारा वर्षं काढली, शीटवरचं निम्म्याहून जास्त तांबं आपण एचिंगमध्ये, म्हणजे रसायनात, विरघळवून टाकतो हे रोज बघून आता जीव तुटतो राव. मॅक्सीन म्हणजे टायटॅनियम कार्बाइडचे काही अणूंच्या जाडीचे पापुद्रे, २०११ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात सापडले. पाण्यात सरळ मिसळतात, फवारायचं, वाळलं की अँटेना तयार. चांदीच्या शाईला सहसा भट्टी लागते, याला नाही. २०१८ मध्ये त्यांनी फवारलेले अँटेना करून दाखवले पण. उद्या द्राक्षबागेत ओल मोजणारे चिकट टॅग, म्हणजे चिप आणि अँटेना असलेले स्टिकर, लावायचे तर असलंच काहीतरी लागणार.

ओझरकर_आरएफ
दादा, स्किन डेप्थ विसरलात, म्हणजे करंट धातूच्या पृष्ठभागापासून किती खोलवर वाहतो ते. ८६५ मेगाहर्ट्झला, म्हणजे आपल्या फास्टॅगच्या पट्ट्यात, तांब्यात करंट मुख्यतः वरच्या सव्वादोन मायक्रॉनमध्येच वाहतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मॅक्सीनची वाहकता चांगल्या फिल्मची धरली तरी तांब्याच्या पन्नास-साठाव्या भागाएवढी, म्हणजे स्किन डेप्थ सतरा मायक्रॉनच्या आसपास जाते. "अणूइतकं पातळ" हे ऐकायला भारी, पण पातळ थर दिला की तो अँटेना कमी आणि हीटर जास्त. आणि टॅगमध्ये आज ॲल्युमिनियमचा फॉइल असतो, तांबं नाही, त्याच्याशी भावात टक्कर द्या आधी.

अंबडचा_सोल्डरवाला
मग जाड फवारा ना, कोण अडवतंय. त्यांचा चांगला चाललेला अँटेना आठ मायक्रॉनचा होता, तोही वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला, तिथे तेवढी जाडी जवळपास स्किन डेप्थएवढीच येते. तुमचं गणित बरोबरच आहे हो, पण ते तुमच्याच विरुद्ध जातंय.

मखमलाबादची_केमिस्ट
दोघंही वाहकतेवर भांडताय, मुद्दा हवेचा आहे. मॅक्सीन ओलाव्यात ऑक्सिडाइज होऊन टायटॅनियम डायऑक्साइड बनतं, म्हणजे पांढऱ्या पेंटमधलं पिगमेंट, वीज जवळपास वाहून नेतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर धरणाकडून जी हवा येते त्यात उघडा थर किती टिकेल? कोटिंग करा म्हणाल तर मग "नुसतं फवारलं की झालं" कुठे राहिलं. शिवाय बनवताना मूळ पदार्थातला ॲल्युमिनियमचा थर काढायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा त्याचाच भाऊ लागतो, एचिंगची कटकट संपली नाही, फक्त दुसऱ्याच्या शेडमध्ये गेली.
शिल्डिंगमध्ये, म्हणजे रेडिओ लहरी अडवण्यात, मात्र मी बाजूने आहे. २०१६ मध्ये ४५ मायक्रॉनच्या फिल्मने ९२ डेसिबल अडवले, म्हणजे दीडशे कोटी भागांतला एखादाच आरपार. तिथे बंद डब्यात आत राहतं, हवा लागत नाही.

पिंपळगावचा_बागायतदार
मला यातलं अर्धं कळलं नाय, पण एक सांगतो. माझ्या बागेत मांडवाच्या तारा डोक्यावर सगळीकडे, लोखंडी. आधीच एका कंपनीचे ओल मोजायचे सेन्सर लावले होते, तारांजवळ गेले की सिग्नल गायब. त्यात वरून बोर्डोचा फवारा, म्हणजे मोरचूद आणि चुना. तुमची शाई त्यात टिकते का ते बोला.

ओझरकर_आरएफ
बघा, तारेचं गणित कुठल्याच पेपरात सापडायचं नाही. धातू जवळ आला की अँटेनाचं ट्युनिंगच सरकतं, मग तो तांब्याचा असो की मॅक्सीनचा.

अंबडचा_सोल्डरवाला
बरं, ऑक्टोबर छाटणीनंतर दोन ॲल्युमिनियमचे टॅग, दोन मॅक्सीनचे, एकेक तारेजवळ, एकेक लांब. मोजायला मी येतो. शाई कुठून आणायची तेवढं केमिस्ट ताईंनी सांगावं.

मखमलाबादची_केमिस्ट
आणते, पण कोटिंगशिवाय लावायची नाही. आणि बोर्डो मारायच्या आदल्या दिवशी फोन करा.