मदत हवी आहे: वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधीची मानसिक तपासणी

सप्रेम नमस्कार. आम्ही फोंड्याचे. माझ्या थोरल्या बहिणीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 41 असून तिला मधुमेहही आहे. डॉक्टरांनी गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून अन्नाचा मार्ग बदलण्याची शस्त्रक्रिया) सुचवला आहे, मात्र आधी मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घेण्यास सांगितल्यापासून ‘मी काय वेडी आहे?’ म्हणत ती रुसून बसली आहे. भरमसाट खाण्याची सवय, नैराश्य, मद्यपान आणि पुढचा आहार व जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर सांभाळण्याची तयारी एवढेच त्यात पाहतात, हे मी तिला समजावले. (बायपासनंतर दारू लवकर चढते, हे ऐकून भावोजीच अधिक गंभीर झाले.)

खरी अडचण वेगळीच आहे. ती चार वर्षे नैराश्यावरची गोळी घेते आणि हे कळल्यास शस्त्रक्रिया नाकारतील, या भीतीने ते लपवू पाहते. बायपासनंतर औषधांचे शोषण बदलू शकते, त्यामुळे हे लपवणे मला धोक्याचे वाटते.

आपल्यापैकी कोणी या तपासणीतून गेले असल्यास, गोळी चालू असताना संमती मिळाली का, किती भेटी लागल्या आणि घरच्यांनाही बोलावले का, हे कृपया कळवावे. पणजी-बांबोळी परिसरात मराठीतून किंवा कोकणीतून बोलणारे तज्ज्ञ ठाऊक असल्यास तेही सांगावे. रात्री उठून आपण फ्रिजपाशी उभ्याने खातो, हे तिला इंग्रजीत सांगता येणार नाही.