गाडीला रॅप : निम्म्या दरात काय निसटतं?

बी-४०२ : गाडीला मॅट रॅप (रंगावर चिकटवतात ती बिनचकाकीची व्हिनाइल फिल्म) करायचाय. तीन ठिकाणचे दर आले, एकाचा बाकीच्यांच्या निम्मा. एवढा फरक कसा?

ए-१०३ : आधी फिल्म विचारा, कास्ट (ओतून बनवलेली) की कॅलेंडर्ड (रोलरखाली लाटलेली)? कास्ट साधारण ५० मायक्रॉनची, बंपरच्या वळणावर नीट बसते. कॅलेंडर्ड ७५ ते १०० मायक्रॉनची. जाड म्हणून हाताला बरी लागते, पण ताणून बसवली की आकसते आणि खाचांतून सुटते. कोटेशनवर कंपनी आणि सिरीज लिहून घ्या, म्हणजे थ्रीएम २०८०, एव्हरी डेनिसन एसडब्ल्यू९०० अशी. नुसतं ‘इम्पोर्टेड व्हिनाइल’ म्हणजे काहीच नाही.

सी-२०१ : किती मीटर लावणार तेही. रोल १.५२ मीटर रुंद असतो, मध्यम गाडीला १७-२० मीटर सहज लागतं. १२ मीटरमध्ये बसवतो म्हणणारा एकतर ताणणार नाहीतर जोड देणार. मेटॅलिक घेतलात तर सगळे तुकडे एकाच बॅचचे आणि एकाच दिशेने हवेत, नाहीतर दार आणि फेंडर वेगळ्या छटेचे दिसतात.

बी-४०२ : आणि कारागिराचा हात कसा ओळखायचा, ताई? फोटो सगळ्यांचेच झकास.

सी-२०१ : फोटो सोडा. वर्ष झालेली गाडी दाखवा म्हणायचं. दाराच्या कडा, हँडलमागची खाच, बंपरचे कोपरे बोटाने चाचपायचे. हँडल, आरसे, लोगो काढून काम करतात की भोवतीने कापतात? गाडीच्या अंगावरच ब्लेड चालवलं तर चर थेट रंगात उतरतो, आणि दिसतो रॅप काढल्यावर. नाइफलेस टेप (आतल्या दोऱ्याने फिल्म कापणारी पट्टी) वापरणारा असेल तर उत्तम.

ए-१०३ : माझ्या मते खरी परीक्षा पोस्ट-हीटिंगची. ताणलेला भाग शेवटी हीट गनने ९० अंश सेल्सिअसच्या वर, कंपनी सांगेल तितका तापवून थर्मामीटरने तपासायचा असतो. त्याशिवाय फिल्म मूळ आकाराकडे ओढ घेते आणि कडा उठतात. ‘किती तापवता?’ला ‘अंदाजाने’ असं उत्तर आलं की तिथून निघा.

डी-३०४ : बंपर नुकताच रंगवला असेल तर?

ए-१०३ : महिनाभर थांबा. ताज्या रंगातून वायू सुटतो, फुगे येतात. आणि रंगकाम कच्चं असेल तर काढताना फिल्मबरोबर रंगही सोलून येतो.

बी-४०२ : वॉरंटी देतोय म्हणाला.

सी-२०१ : कोणाची? कंपनीची फिल्मपुरती असते, त्यातही बॉनेट-छताला मुदत कमी. कडा उठणं, फुगे ही दुकानाची जबाबदारी, ती लेखी घ्या.

बी-४०२ : बरं, आधी त्या निम्म्या दरवाल्याला सिरीज विचारतो.

सी-२०१ : मीटरही.