अंडरडॉगला मराठीत काय म्हणाल? (आणि पट्टेवाला म्हणजे झेब्रा नव्हे)

कैरीचं पन्हं
सुट्टीत भाचा आलाय, वय वर्षे सहा. काल त्याला 'रेसिंग स्ट्राइप्स' (२००५) लावून दिला. सर्कशीच्या ताफ्यातलं झेब्र्याचं पिल्लू वादळी रात्री रस्त्यात मागे राहतं आणि केंटकीतल्या एका शेतावर वाढतं. शेजारीच शर्यतीचे घोडे पळतात, त्यामुळे या येड्याला वाटतं आपणही रेसचाच घोडा. शेतावरचे प्राणी आपसात बोलतात, माणसांना काही कळत नाही. भाच्याला इंग्रजी येत नाही, म्हणून मी शेजारी बसून मराठी करून सांगत होते. 'हा अंडरडॉग आहे' हे सांगायची वेळ आली आणि गाडं अडलं. घाईत 'बिचारा' म्हणून मोकळी झाले. त्यावर प्रश्न आला, "बिचारा का? त्याला लागलंय का?" शब्द सुचवा.

शुद्धलेखन प्रेमी
दुर्बल. किंवा उपेक्षित.

कैरीचं पन्हं
दुर्बल म्हटलं की मला पुढे 'घटक' ऐकू येतं, आणि त्यामागून दाखल्याची खिडकी. उपेक्षिताकडे लोक पाठ फिरवतात. इथे अख्खं मैदान त्याच्याकडे बघून हसतंय.

पूर्वीचा उपसंपादक
आमच्या डेस्कवर निवडणुकीच्या दिवसांत 'काळा घोडा' छापून जायचं. ते भाषांतर होतं डार्क हॉर्सचं, अंडरडॉगचं नव्हे, आणि तेही वाईट. मुंबईकराला काळा घोडा म्हटलं की फोर्टातली जागा आठवते. तिथला घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड १९६५ साली राणीच्या बागेत हलवला, नाव मात्र तिथेच राहिलं.

दोन्हींत फरक आहे. डार्क हॉर्स म्हणजे ज्याचा अंदाजच नाही असा. १८४४च्या अमेरिकी निवडणुकीत कुणाच्या ध्यानीमनी नसताना राष्ट्राध्यक्ष झालेला जेम्स पोक हे ठरलेलं उदाहरण. अंडरडॉगचा अंदाज सगळ्यांना असतो, तो हरणार असाच असतो. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत कुत्र्यांच्या झुंजीवरून हा शब्द आला: खाली दाबला गेलेला तो अंडरडॉग, वर बसलेला टॉप डॉग. 'छुपा रुस्तम' डार्क हॉर्सच्या जवळ जातो, पण रुस्तम मुळात पहिलवान असतो, फक्त लपलेला. तुमचा झेब्रा कुठे लपलाय? चांगले काळेपांढरे पट्टे मिरवतोय.

जाता जाता: 'अपसेट' (म्हणजे नावाजलेल्याचा अनपेक्षित पराभव) हा शब्द मॅन ओ' वॉर या नामांकित घोड्याला १९१९ साली हरवणाऱ्या 'अपसेट' नावाच्या घोड्यामुळे आला, असं अजून छापून येतं. शर्यत खरी, व्युत्पत्ती खोटी. शब्द या अर्थाने त्याआधीच वापरात होता. योगायोग मात्र झकास.

मु.पो. जुन्नर
घोड्यांचं माहीत नाही, बैलांचं सांगतो. आमच्याकडे बैलगाडा घाटात पळतो. घाट म्हणजे शर्यतीची वाट, डोंगरातला रस्ता नव्हे. गाड्यापुढे घोडी पळते. ज्या बैलाचे दुधाचे दात अजून पडले नाहीत तो आदत. दोन दात आले की दुसा, चार आले की चौसा. २०१४ला कोर्टाने शर्यती बंद केल्या, २०२१च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत मोठ्या झालेल्या पोरांना हे शब्द सांगावे लागतात.

आता एखादा आदत बैल नावाजलेल्यांना मागे टाकून गेला, तर आम्ही त्याला कसलंही नाव देत नाही. म्हणतो, "त्याला कुणी धरलंच नव्हतं." झालं. ऐकणाऱ्याला सगळं कळतं.

पूर्वीचा उपसंपादक
वा! हिशेबात धरणं, मोजणं. 'खिजगणतीत नसणे'ही त्याच वाटेवरचं, पण सहा वर्षांच्या पोराला खिजगणती म्हणजे काय ते सांगताना सिनेमा संपेल. आणि एक गंमत बघा. इंग्रजीत हरणारा स्वतःच कुत्रा. मराठीत 'त्याला कुत्रंही विचारत नाही', म्हणजे कुत्रं न विचारणाऱ्यांच्या बाजूला.

शुद्धलेखन प्रेमी
मग लिंबूटिंबू? आम्ही लहानपणी कच्चं लिंबू म्हणायचो.

कैरीचं पन्हं
कच्चं लिंबू मलाही सुचलं होतं. पण कच्च्या लिंबावर राज्य येत नाही, आऊट झालं तरी ते खेळतच राहतं. मोठ्यांनी दिलेली सवलत आहे ती. झेब्र्याला कसली सवलत? उलट बाकीचे घोडे त्याला शर्यतीतच घ्यायला तयार नाहीत. लिंबूटिंबूत ती सवलत नाही, नुसता हिणवण्याचा सूर आहे. म्हणून घोड्यांच्या तोंडी लिंबूटिंबू चालेल, गोष्ट सांगणाऱ्या मावशीच्या तोंडी नाही. मी जुन्नरकरांचं वाक्य उचलतेय.

आणखी एक. शेतावर एक म्हातारं शेटलंड तट्टू आहे, ते झेब्र्याला पळायला शिकवतं. ट्रेनर म्हणू की कोच?

मु.पो. जुन्नर
वस्ताद म्हणा ताई. तालमीत शिकवतो तो वस्ताद, तट्टू असला तरी. आणि झेब्र्याने त्याला अहोजाहो करायचं, हे भाच्याला आधीच सांगून ठेवा.

शुद्धलेखन प्रेमी
तट्टू नपुंसकलिंगी आहे. 'असलं तरी'.

मु.पो. जुन्नर
वस्तादांना 'ते' म्हणतो मी. आदरार्थी. तट्टू काय म्हणायचं ते म्हणू दे.

नवीन सभासद
उशिरा आलो. सिनेमाच्या नावाचं मराठी काय कराल? मी 'पट्टेवाला' सुचवतो.

पूर्वीचा उपसंपादक
कचेरीत साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसतो तो पट्टेवाला. पोस्टरवर लोक शिपाई शोधतील. पट्टेरी म्हणा, वाघाला म्हणतो तसं. नावात शर्यत हवीच असेल तर 'शर्यत' आणि 'शर्थ' ही एकाच अरबी घरातली भावंडं आहेत, त्यांच्याशी खेळून बघा. 'पट्टेऱ्याची शर्थ' मला तरी आवडेल.

कैरीचं पन्हं
आज भाच्याने सिनेमा परत लावायला लावला. शेवटच्या शर्यतीच्या आधी मी म्हटलं, "ह्याला कुणी धरलेलंच नाही." तो म्हणाला, "मी धरलाय." आणि पुढे मला बोलूच दिलं नाही.

शुद्धलेखन प्रेमी
छान. पण वर सगळीकडे 'झेब्र्याला', 'झेब्र्याने' चाललंय. 'झेब्राला' का नको? परका शब्द आहे.

पूर्वीचा उपसंपादक
सदरा-सदऱ्याला, वाडा-वाड्याला, तसा झेब्रा-झेब्र्याला. अनेकवचन झेब्रे. शब्दाचं सामान्यरूप होऊ लागलं की तो परका कसला? 'कॅमेरा'चं मात्र विचारू नका, त्यावर आमच्या डेस्कवर दोन माणसं आठवडाभर बोलत नव्हती.