छपरावरचे चोर : १५६५ चं 'उत्तम मेंढपाळ' छापचित्र कसं वाचायचं?

शाईपुसणं : सोळाव्या शतकातला नेदरलँड्सचा चित्रकार पीटर ब्रूगेल, त्याच्या रेखाटनावरून फिलिप्स गालेनं तांब्यावर कोरलेलं चित्र. मेंढवाड्याच्या दारात येशू, खांद्यावर मेंढरू. पण चहूबाजूंनी माणसं भिंती फोडतायत, छप्पर उचकटतायत. हे चोर कोण? आणि मागे लांबवर दोन बारीक प्रसंग दिसतात, ते कसले?

काष्ठठसा : बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा १० वा अध्याय शेजारी उघडून ठेवा. दारावर लॅटिनमध्ये 'मी मेंढरांचे दार आहे' कोरलंय, ते ७ वं वचन. दार सोडून दुसरीकडून चढतो तो चोर, हे पहिलं वचन. छपराचा उलगडा तिथेच होतो. मागे डावीकडे लांडग्यापुढे जीव देणारा मेंढपाळ (वचन ११), उजवीकडे कळप टाकून पळणारा मोलकरी, म्हणजे मजुरीवरचा राखणदार (१२). आपली डावी बाजू म्हणजे समोर तोंड केलेल्या येशूची उजवी, मानाची. खांद्यावरचं मेंढरू मात्र योहानात शोधू नका. ते बायबलमधल्याच लूकच्या शुभवर्तमानातलं, अध्याय १५, हरवून सापडलेलं.

चोरांवर नावाची चिठ्ठी नाही. न्यूरेंबर्गच्या हान्स झेबाल्ड बेहामनं याच विषयावरच्या लाकडी ठशात कॅथलिक धर्मगुरूच छपरावर चढवले होते. इथे तसा शिक्का मारलेला नाही, त्यामुळे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही पंथांना समोरच्याला चोर म्हणायची सोय राहिली. माझ्या मते हे मुद्दाम केलंय. पुढच्याच वर्षी, १५६६ मध्ये, नेदरलँड्समध्ये प्रोटेस्टंटांनी कॅथलिक चर्चमधल्या मूर्ती फोडल्या, इतका हा वाद तापलेला होता.

उलटी_प्लेट : एक भर. डावं-उजवं मूळ रेखाटनावरून ठरवू नका, फसाल. रेखाटन आहे तसं प्लेटवर उतरवलं की कागदावर ते उलटं छापलं जातं. छापासाठी काढणारा हे धरूनच काढतो. अक्षरं तर प्लेटवर उलटीच कोरावी लागतात.

शाईपुसणं : मग सतराव्या शतकातला डच चित्रकार निकोलास बेर्खेम, त्याच्या एचिंगमधल्या (आम्लानं धातूच्या पत्र्यावर रेघा खोदून छापलेल्या चित्रांतल्या) मेंढ्यांनाही असाच धार्मिक अर्थ लावायचा?

काष्ठठसा : नाही हो! बायबलचं वचन, कोरलेला लेख, देवदूत, येशूच्या जन्माची गव्हाण यातलं काही असेल तरच तसा अर्थ लावा. बेर्खेमनं मेंढ्यांची लोकर आणि बसण्याची ढब अभ्यासली. तिथे मेंढी ही मेंढीच. रेम्ब्रांटच्या १६३४ च्या एचिंगमध्ये मात्र देवदूत दिसतोय, वर प्रकाशात कबुतर आहे, आणि खाली मेंढपाळ नि जनावरं बिथरून पळतायत. तिथे लूकचा २ रा अध्याय काढा, ८ व्या वचनापासून.