मदत हवी आहे: कॅम्परचं (राहायची सोय केलेल्या गाडीचं) छत गळतंय, उद्या पहाटे बडोद्याहून गुहागरला निघायचंय

रावपुरा_गाडी
उद्या पहाटे पाचला निघायचंय. पावसात छतातून पाणी येतंय. दोन नळ्या सीलंट लावून झालं, तरी थांबत नाही. मागची गादी भिजली. आज रात्रीपर्यंत होईल असाच उपाय सांगा. दाभोळची फेरीबोट चालू असेल का, तेही सांगा.

पानापक्कड
गाडी कुठली? पाणी नेमकं कुठे पडतं? सीलंट कुठलं लावलंत? उभ्या गाडीत गळतं की चालत्या? एवढं कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तर तो अंदाजच.

मकरपुरेकर
सीलंटच्या भानगडीत पडूच नका. जाड ताडपत्री घ्या, वरून टाका, चारी बाजूंनी दोरी बांधा.

पानापक्कड
@मकरपुरेकर, उभ्या गाडीला ताडपत्री ठीक आहे. साठच्या वेगात तिच्याखाली वारा शिरतो, कडी फाटते, फडफडून रंग घासला जातो. दोरी सैल पडून चाकात गेली तर अपघातच. शिवाय सोलर पॅनेल झाकलं जाईल ते वेगळंच.

रावपुरा_गाडी
फोर्स ट्रॅव्हलर व्हॅन आहे, आतली बॉडी करून घेतलेली. छताच्या पंख्याच्या कडेने थेंब पडतात. सीलंट पारदर्शक, बाथरूममध्ये लावतात ते. पंख्याच्या चारी बाजूंनी लावलं. अजून काय सांगू, वेळ नाहीये हो.

पानापक्कड
म्हणजे सिलिकॉन. मुख्य घोळ तिथेच आहे. सिलिकॉनवर दुसरं काहीच धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. प्लास्टिकच्या पट्टीने सगळं खरवडून काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन-तीनदा पुसा, प्रत्येक वेळी नवं फडकं.
पण त्याआधी पाणी कुठून शिरतं ते शोधा. पत्रा आणि आतला प्लाय यांच्यामध्ये पाणी वाटेल तिथे वाहतं. थेंब पडतो एकीकडे, भोक असतं हातभर लांब. बागेचा पाइप घ्या, एकाला आत टॉर्च देऊन बसवा. पाणी सगळ्यात खालच्या जोडापासून सुरू करा, एका जागी पाच मिनिटं, मगच वर सरका. वरून सुरू केलंत तर पाणी ओघळत सगळ्याच जोडांवरून जातं आणि काहीच कळत नाही.

सुरसागर_काठ
पॉलियुरेथेन सीलंट लावा. बस बॉडीवाले तेच वापरतात, मकरपुरा जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) बाजूला मिळेल.

पानापक्कड
माल उत्तम, पण आजच्या कामाचा नाही. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, दिवसाला साधारण तीनेक मिलिमीटर. वरची साल तासाभरात धरते म्हणून लोक फसतात. आत मऊच असतं आणि हायवेवर उचललं जातं. आज ब्युटाइलची (चिकट, मऊ रबराची) टेप हवी, वरून ॲल्युमिनियमचा थर असलेली. ती लावल्याक्षणी काम करते.

सुरसागर_काठ
टेप म्हणजे ठिगळ. पावसाळा संपेपर्यंत टिकणार नाही.

पानापक्कड
पावसाळाभर टिकायला सांगितलंच नाही. प्रवास उरकू दे, मग कोरड्या दिवसात पंखा उतरवून त्याच्या फ्लँजखाली, म्हणजे छतावर टेकणाऱ्या कडेखाली, ब्युटाइल घालून पक्कं करायचं.

ओली_भिंत
यात पाझर किती आणि आतली वाफ किती, हे बघितलंत का? खिडक्या बंद करून स्वयंपाक केला तर एक किलो गॅस जळताना सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. पंख्याची थंड चौकट ती वाफ धरते आणि तिथूनच थेंब पडतात. आणि गळती थांबवायच्या नादात जमिनीलगतचं जाळीचं भोक बुजवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तिथूनच बाहेर जातो.

रावपुरा_गाडी
गॅस नंतर. गाडी उभी असताना गळत नाही, चालताना गळतं. फेरीबोटीचं कोणीच सांगत नाहीये.

पानापक्कड
हे आधी सांगायचं होतंत! चालताना वारा पाणी फटीत रेटतो, म्हणजे पुढच्या बाजूची फट. पंख्याच्या पुढे छतावर काय काय आहे? पाइपची धारही समोरून, तिरकी मारा.

खाडीकाठ
दाभोळ–धोपावे पावसाळ्यात चालते, पण वारा-पाऊस वाढला की बंद ठेवतात. निघण्याआधी फोन करून विचारा. ओहोटीला उतार जास्त खडा होतो. तुमच्या गाडीचा मागच्या चाकांमागचा भाग लांब असणार, सांडपाण्याचा पाइप रॅम्पला घासतो. शक्यतो भरतीच्या आसपास चढा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. बंद असेल तर दापोलीहून खेड, चिपळूण आणि पुढे गुहागर. मात्र मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकत्र आली की चिपळुणात थांबू नका. वाशिष्ठीचं पाणी समुद्रात उतरत नाही, शहरात चढतं. २०२१ च्या जुलैमध्ये काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मकरपुरेकर
एवढं कशाला, दीवला जा. रस्ता सपाट, घाट नाही.

ताजी_सुरमई
गुहागरला या दिवसांत मासे कुठे चांगले मिळतील?

खाडीकाठ
@ताजी_सुरमई, ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना बंदी असते. खाडीतलं मिळेल, सुरमईची आशा धरू नका.
@रावपुरा_गाडी, अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या वर आहे. भरल्या गाडीने पावसात एका दिवसात नको. मनोरच्या आसपास मुक्काम करा, घाट दिवसा उजेडी येईल.

रावपुरा_गाडी
सापडलं. पंखा नव्हेच. त्याच्या दीड फूट पुढे सोलरची वायर आत जाते, त्या डबीची पुढची कड उचललेली आहे. समोरून धार मारल्यावर दोन मिनिटांत आत थेंब. टेप आणलीय. कशी लावू? छत ओलंच आहे.

पानापक्कड
आधी फडक्याने कोरडं करा, मग हेअर ड्रायर, मग अल्कोहोल. ओल्यावर चिकटवलीत तर सगळी मेहनत पाण्यात. डबीभोवती आधी मागची पट्टी, मग बाजूच्या, शेवटी पुढची, म्हणजे पुढची पट्टी बाजूच्यांवर चढेल. कौलं चढवतात तसं. गाडी चालताना पाणी पुढून मागे जातं. प्रत्येक पट्टी डबीबाहेर किमान दोन इंच पत्र्यावर यायला हवी. चमच्याच्या पाठीने दाबत हवा काढा. स्क्रू आवळत बसू नका, डबी तडकेल. मग पुन्हा समोरून दहा मिनिटं पाइप.

ओली_भिंत
आणि गादी आजच उभी करून पंख्यासमोर ठेवा. खालचा प्लाय बोटाने दाबून बघा, मऊ लागला तर तिथे पाणी साठलंय.

रावपुरा_गाडी
लावली. दहा मिनिटं धार मारली, आत थेंब नाही. प्लाय एका कोपऱ्यात मऊ आहे. निघण्याची वेळ सातवर नेली. अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) पाणी आहे का कोणी बघितलंय?

सुरसागर_काठ
भरलंय. पुलावरून जा.