पोझिशन ०.२ म्हणजे होल नेमकं किती सरकलेलं चालतं?

बेळगावच्या उद्यमबागात व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन) काम करायलोय. पंप बॉडीच्या ड्रॉइंगवर चार होलांना चौकटीत गोलातलं अधिक चिन्ह, पुढं डाया (व्यास) ०.२ मिमी, गोलात एम, मग ए बी सी असं दिलंय. आमच्याकडं सगळे ह्याला प्लस-मायनस ०.२ म्हणतात, बरोबर का ओ?

— नाही ओ, तसं धरलं तर जॉब जाणार. होलाचा सेंटर ज्या गोल हद्दीत राहायला पाहिजे तिचा डाया ०.२ आहे, होलाचा सेंटर खऱ्या जागेपासून कुठल्याही बाजूला ०.१ च सरकू शकतो. एक्सला ०.०८ आणि वायला ०.०६ चुकलं तर तिरकं अंतर ०.१, दुप्पट केलं की ०.२, म्हणजे काठावर पास. दोन्हीकडं ०.०९ चुकलं तर प्लस-मायनस ०.१ च्या हिशोबात जॉब ओके दिसतो पण पोझिशन ०.२५५ येते. आणि ही हद्द नुसतं वर्तुळ नाही, होलाच्या पूर्ण खोलीभर सिलिंडर आहे, त्यामुळं कास्टिंगमध्ये ड्रिल तिरकं गेलं तर वरचं तोंड बरोबर असून पण खाली रिजेक्ट.

आता एम बघा, म्हणजे मॅक्सिमम मटेरियल, खरी मजा तिथंच आहे. समजा होल १०.० ते १०.२ आहे. १०.० ला मटेरियल सगळ्यात जास्त राहतं, तेव्हाच ०.२ ची हद्द. होल १०.१२ झालं तर बोनस ०.१२, एकूण ०.३२, मग तोच ०.२५५ वाला जॉब पास! कारण सरळ आहे, होल मोठं झालं तर थोडं सरकलेलं असलं तरी बोल्ट आरामात जातो. चौकोनी हद्दीऐवजी गोल हद्द धरायची ही कल्पना स्कॉटलंडच्या टॉर्पेडो कारखान्यातल्या स्टॅन्ली पार्कर यांची, असेंब्लीला जे चालतंय ते उगाच भंगारात कशाला टाकायचं.

ए बी सी म्हणजे डेटम, माप जिथून धरायचं त्या जागा; त्यांचा क्रम मात्र बदलू नका, फिक्स्चरला आधी ए फेस बसवायचा, मग बी, मग सी, आणि सीएमएमवाल्याला (मोजणीच्या मशीनवाल्याला) पण त्याच क्रमानं धरायला सांगा, नाहीतर तुमचं आणि त्याचं रीडिंग कधीच जुळणार नाही.

होलांची जागा दाखवणाऱ्या चौकटीतल्या मापांना (बेसिक डायमेन्शन) ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमधला जनरल टॉलरन्स लावायचा का मग?

— अजिबात नाही. ती मापं फक्त खरी जागा दाखवतात, सूट जी काय आहे ती पोझिशनमध्येच.

आणि एम नसला तर?

— बोनस नाही. होल १०.२ झालं तरी ०.२ च. डॉवेलच्या (जागा पक्की करणाऱ्या पिनच्या) प्रेस फिट होलांना, जिथं पिन दाबून घट्ट बसवतात, म्हणून बहुतेक एम देत नाहीत.